१९२ किलोहर्ट्झच्या फाइल्स अडखळतात: दोष फाइलचा, सर्व्हरचा, वायफायचा की प्लेअरचा?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: गाणी एनएएसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, तीच तुमचा सर्व्हर) आहेत, नेटवर्क प्लेअर (नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणारं यंत्र) वायफायवर चालतो आणि गाणं निवडायला फोनवरचं ॲप वापरता. सीडीवरून काढलेल्या फ्लॅक (आवाज न गमावता दाबलेल्या) फाइल्स बिनतक्रार वाजतात. २४/९६ वाल्या (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने) बहुतेक वेळा वाजतात. २४/१९२ वाल्या मात्र मिनिट-दोन मिनिटांनी थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. दोन अल्बम तर प्लेअर उघडतच नाही, फॉरमॅट चालत नाही असं दाखवतो. डीएसएफ (डीएसडी या एक-बिट पद्धतीच्या ध्वनिमुद्रणाची) फाइल लावली की संगीताऐवजी नुसती खरखर येते. आणि अधूनमधून सर्व्हर यादीतून गायब होतो. यावर तुमचा प्रश्न आहे की आधी राउटर बदलू की प्लेअर?

आत्ता दोन्ही बदलू नका. तुम्ही एक बिघाड म्हणून जे मांडलंय ते चार वेगळे बिघाड आहेत. एकाच वेळी दिसतात म्हणून ते एकच वाटतात. अडखळणं म्हणजे डेटा वेळेवर न पोचणं. फाइल न उघडणं हा फाइलच्या रचनेचा किंवा प्लेअरच्या मर्यादेचा प्रश्न. खरखर येते ती डीएसडी ज्या रूपात डॅककडे (डिजिटल आकड्यांचा आवाज बनवणाऱ्या भागाकडे) जातं त्यामुळे. आणि सर्व्हर गायब होतो तो नेटवर्कमधल्या मल्टिकास्टमुळे, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना मारलेल्या हाकांमुळे. नवा राउटर घेतलात तर यातला फार तर एखादा प्रश्न सुटेल, बाकीचे जिथल्या तिथे राहतील.

पुढचं बरंचसं तुमच्या मांडणीवर ठरेल. प्लेअरचा बफर (पुढचा डेटा आधीच साठवून ठेवणारी मेमरी) केवढा आहे, एनएएस राउटरला केबलने जोडलाय की तोही वायफायवर आहे, डॅक प्लेअरच्या आतला आहे की बाहेरचा, या तीन गोष्टींनी उत्तर बदलतं. म्हणून ज्या क्रमाने मी तपासतो तो क्रम आणि त्यामागचं कारण सांगतो. क्रम पाळलात तर पहिल्या अर्ध्या तासातच निम्मी शक्यता बाद होते.

हात लावण्याआधी नीट ऐका. अडखळणं प्रत्येक वेळी गाण्यात त्याच जागी येतं का? तेच गाणं तीनदा लावा आणि वेळ लिहून ठेवा. तिन्ही वेळा २ मिनिटं १४ सेकंदांवरच अडकलं तर फाइल खराब आहे, वायफायचा काही संबंध नाही. दर वेळी जागा बदलली तर फाइल ठीक आहे आणि दोष वाटेत आहे. आवाज पूर्ण थांबून पुन्हा सुरू होत असेल तर बफर रिकामा होतोय. गाणं चालूच आहे पण मध्येच टिक-टिक येतं, असं असेल तर नेटवर्कला दोष देऊ नका. नेटवर्कवर हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) टीसीपी हा डेटा पाठवण्याचा नियम पुन्हा मागवून घेतो, त्यामुळे डेटा उशिरा येईल पण चुकीचा येणार नाही. टिक-टिक बहुतेक वेळा प्लेअर आणि डॅक यांच्यामधल्या जोडणीत, क्लॉकमध्ये किंवा दमलेल्या प्रोसेसरमध्ये सापडते.

मग पेनड्राइव्हची चाचणी. अडखळणारी एक १९२ ची फाइल, न उघडणारी एक आणि एक डीएसएफ, अशा तीन फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या आणि तो थेट प्लेअरला लावा. प्लेअरच्या माहितीपुस्तिकेत पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो ते आधी बघा. बरेच प्लेअर फॅट३२ घेतात, एक्सफॅट किंवा एनटीएफएस प्रत्येकाला चालतंच असं नाही. आता जे पेनड्राइव्हवरून नीट वाजेल त्याची फाइल चांगली आहे आणि प्लेअरला ती वाचता येते, म्हणजे दोष सर्व्हर किंवा वाटेचा. जे पेनड्राइव्हवरूनही वाजणार नाही त्यासाठी राउटरकडे बघण्यात अर्थ नाही. ही एक चाचणी न करता लोक महिनोन्‌महिने वायफायचे चॅनल बदलत बसतात.

तुमच्या वर्णनावरून १९२ ची फाइल पेनड्राइव्हवरून वाजेल असं मी धरून चालतो. तसं असेल तर पुढचा हिशेब नीट समजून घ्या, कारण खरी गोम त्यात आहे.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, यांचा गुणाकार केला की सेकंदाला ९.२१६ मेगाबिट होतात. सीडीचा आकडा १.४११२ आणि २४/९६ चा ४.६०८. फ्लॅकमध्ये दाबल्यावर यातलं साधारण ६० टक्के उरतं असं धरू. गाण्यानुसार ते कमी-जास्त होतं, पण अंदाजाला पुरेसं आहे. म्हणजे १९२ ची फ्लॅक सेकंदाला सुमारे ५.५ मेगाबिट मागते. तुमचं वायफाय फोनवर ५०-६० मेगाबिट दाखवत असेल आणि म्हणून तुम्ही म्हणाल, वेग तर दहापट आहे, मग अडतंय कुठे?

सरासरी वेग भरपूर असतो. घात होतो तो मध्ये पडणाऱ्या खंडामुळे. वायफायवर दुसरं कुणी बोलत असेल, शेजारचा राउटर त्याच चॅनलवर असेल, मायक्रोवेव्ह चालू झाला असेल, तर एक-दोन सेकंद काहीच येत नाही आणि मग एकदम धो-धो येतं. सरासरीत तो खंड दिसत नाही. प्लेअरचा बफर त्या खंडापेक्षा मोठा असेल तर तुम्हाला काही कळतही नाही. आता उदाहरणापुरता बफर १ मेगाबाइट धरा. सीडीची फ्लॅक सेकंदाला सुमारे ०.१ मेगाबाइट खाते, म्हणजे तो बफर नऊ सेकंदांहून थोडा जास्त पुरतो. २४/९६ ला तोच बफर जेमतेम तीन सेकंद. २४/१९२ ला दीड सेकंदसुद्धा नाही. आणि सर्व्हर फ्लॅक उलगडून डब्ल्यूएव्ही (न दाबलेलं रूप) पाठवत असेल तर एक सेकंदाहून कमी. म्हणजे दोन सेकंदांचा तोच खंड सीडीच्या फाइलने पचवला, ९६ च्या फाइलने कसाबसा पचवला आणि १९२ ला तो बाधला. तुम्ही सांगितलेला क्रम हुबेहूब हाच आहे. म्हणून तुमच्या १९२ च्या फाइल्सवर माझा पहिला संशय वाटेचा आहे.

संशय पक्का करायला एक लांब लॅन केबल तात्पुरती जमिनीवरून टाका आणि प्लेअर थेट राउटरला जोडून एक अख्खा १९२ चा अल्बम ऐका. साधी कॅट ५ई केबल पुरते. प्लेअरचा लॅन पोर्ट बहुतेक १०० मेगाबिटचाच असतो आणि ९.२ साठी १०० खूप झाले. कॅट ७, कॅट ८ वगैरे इथे काही देणार नाही. फक्त राउटरच्या पानावर त्या पोर्टचा लिंक स्पीड १०० दिसतोय ना ते बघा. केबलची एखादी तार तुटली असेल किंवा कनेक्टर सैल असेल तर जोडणी १० मेगाबिटवर येऊन बसते आणि १९२ ची फाइल त्यावर अडखळू शकते. तसं दिसलं तर केबल बदलून बघा.

केबलवर सगळं सुरळीत वाजलं तर दोष वायफायचा ठरला. शक्य असेल तर केबल कायम ठेवा, याहून चांगला उपाय नाही. शक्य नसेल तर प्लेअरऐवजी निदान एनएएस तरी केबलने जोडा. हे लोकांच्या लक्षात येत नाही: सर्व्हर आणि प्लेअर दोघेही वायफायवर असतील तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, आधी सर्व्हरकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून प्लेअरकडे. एकाला केबल लावली की हवेतली रहदारी निम्मी होते. मध्ये एकाच बँडवर चालणारा रिपीटर असेल तर तो आणखी एक फेरा वाढवतो, त्याला वाटेतून काढा.

प्लेअर ५ गिगाहर्ट्झ घेत असेल तर त्यावर न्या. फक्त २.४ घेत असेल तर राउटरमध्ये चॅनल 'ऑटो' वर न ठेवता १, ६ किंवा ११ यातला सर्वांत मोकळा निवडून पक्का करा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ने वेगाचा आकडा वाढतो, पण शेजाऱ्यांशी टक्करही वाढते, आणि आपल्याला वेग नकोय, सलगपणा हवाय. प्लेअर धातूच्या रॅकमध्ये ॲम्प्लिफायरच्या मागे दडपला असेल तर तो एक वीतभर पुढे ओढून, अँटेना मोकळा करून बघा. फरक पुष्कळदा तिथेच पडतो.

सुधारणा झाली का ते कानावर सोडू नका, मोजा. गाणं चालू असताना संगणकावरून प्लेअरच्या आयपी पत्त्याला सलग दहा मिनिटं पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते बघत राहा. गाणं बंद असताना केलेली पिंग फसवते, कारण वायफाय चिप वीज वाचवायला झोपते आणि आकडे उगाच वाढलेले दिसतात. बरेचसे आकडे १० मिलिसेकंदांच्या आत आणि मध्येच एखादा १,५०० किंवा 'उत्तर नाही' असं दिसलं, आणि तेवढ्यातच गाणं थांबलं, तर चोर सापडला. लॅपटॉप प्लेअरच्या जागी ठेवून आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवता आलं तर आणखी बरं. त्यात शेवटची सरासरी बघू नका, दर सेकंदाच्या ओळी बघा. कुठली ओळ शून्यावर येते का, एवढाच प्रश्न.

केबलवरही १९२ अडखळलं, तर मात्र सर्व्हरकडे वळा. पहिली शंका ट्रान्सकोडिंगची. बरेच मीडिया सर्व्हर प्लेअरला विचारतात की तुला काय काय वाजवता येतं, आणि उत्तर त्यांना समजलं नाही तर फाइल स्वतःच दुसऱ्या रूपात बदलून पाठवतात. कधी घोळ एवढासाच असतो की सर्व्हर फाइलला 'ऑडिओ/एक्स-फ्लॅक' म्हणतो आणि प्लेअरला फक्त 'ऑडिओ/फ्लॅक' ठाऊक असतं. ओळखायचं कसं? प्लेअरच्या पडद्यावर बघा. फाइल १९२ ची आणि पडद्यावर ४४.१ किंवा ४८ दिसत असेल, किंवा फ्लॅकऐवजी एलपीसीएम (न दाबलेला आवाज) लिहिलेलं असेल, तर मधे रूपांतर चालू आहे. गाण्यात पुढे-मागे सरकता येत नसेल तर तीही खूण. गाणं लावल्यावर एनएएसचा प्रोसेसर वापर एकदम चढतो का तेही बघा. जुना, छोट्या प्रोसेसरचा एनएएस १९२ चं रूपांतर करता करता दमतो, आणि ते अडखळणं थेट वायफायच्या अडखळण्यासारखंच ऐकू येतं.

उपाय सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आहे: फ्लॅकसाठी ट्रान्सकोडिंग बंद करून मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायला सांगा. सर्व्हरमध्ये प्लेअरनुसार प्रोफाइल निवडायची सोय असेल तर योग्य ते निवडा. काही जण उलट सल्ला देतात, की सर्व्हरलाच २४ बिट डब्ल्यूएव्ही पाठवायला लावा म्हणजे प्लेअरवरचा भार कमी होतो. जुन्या, संथ प्लेअरला केबलवर त्याचा उपयोग होतो खरा. पण वायफायवर ते करू नका, मघाचा हिशेब आठवा, बफर आणखी लवकर रिकामा होईल.

सर्व्हरच्या बाकी तपासण्या लवकर आटपतात. डिस्क झोपत असेल तर पहिलं गाणं सुरू व्हायला पाच-दहा सेकंद लागतात, ऐकण्याच्या वेळेत स्लीप बंद ठेवा. त्याच वेळी फोटोंची थंबनेल्स बनवणं, बॅकअप किंवा डिस्क तपासणी चालू नाही ना ते बघा. आणि मीडिया सर्व्हर म्हणून राउटरलाच यूएसबी डिस्क लावली असेल तर ते बदला. राउटरचा छोटा प्रोसेसर वायफाय, इंटरनेट आणि डिस्क तिन्ही एकदम सांभाळतो आणि १९२ ला तेवढी उसंत उरत नाही.

इथवर झालं ते फक्त अडखळण्याबद्दल: जागा बदलत असेल तर पेनड्राइव्ह, मग केबल, मग ट्रान्सकोडिंग, याच क्रमाने. आता न उघडणाऱ्या फाइल्स.

दोन अल्बम अजिबात उघडत नाहीत, आणि बाकीचे उघडतात, म्हणजे काहीतरी त्या फाइल्समध्येच वेगळं आहे. फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये त्या उघडा, मीडियाइन्फो चांगला आहे. बिट डेप्थ, सॅम्पल रेट आणि चॅनल या तीन ओळी वाचा. ३२ बिट असेल तर कारण सापडलं: अधिकृत फ्लॅक प्रोग्रॅमला ३२ बिट बनवणं २०२२ मधल्या १.४ या आवृत्तीपासूनच जमायला लागलं, त्याआधीचे प्लेअर ते ओळखत नाहीत. चॅनल सहा असतील, म्हणजे ५.१, तर स्टिरिओ प्लेअर बहुधा नकार देतो. ३५२.८ किंवा ३८४ असेल तर तेही पुष्कळांच्या कुवतीबाहेर. फाइल एम४ए असेल तर आत अलॅक (ॲपलचा, काही न गमावणारा प्रकार) आहे की एएसी (थोडं गमावून दाबणारा) ते बघा, एक्स्टेंशन दोघांचं एकच असतं आणि काही प्लेअर एक घेतात, दुसरं घेत नाहीत.

डब्ल्यूएव्हीची गंमत वेगळी. २४ बिट डब्ल्यूएव्हीच्या शीर्षात बरेचदा 'एक्स्टेन्सिबल' नावाचा प्रकार लिहिलेला असतो. साध्या पीसीएमचीच (न दाबलेल्या आवाजाचीच) अपेक्षा करणारा जुना प्लेअर तो बघून फाइल नाकारतो, आतला डेटा नेमका तोच असूनही. शिवाय डब्ल्यूएव्हीमध्ये आकाराची नोंद ३२ बिटांची, म्हणून ४ गिबिबाइटला हद्द संपते. २४/१९२ स्टिरिओ त्या हद्दीला ६२ मिनिटांत पोचतं. अख्खी मैफल एकाच डब्ल्यूएव्हीत असेल तर हे लक्षात ठेवा. दोन्हीवर उत्तर एकच, फ्लॅक करून टाका. डेटा तोच राहतो आणि टॅगही (गाण्याचं, कलाकाराचं नाव वगैरे) नीट राहतात.

फाइल फ्लॅकच आहे, २४ बिट आणि स्टिरिओच आहे, तरी उघडत नाही, असं असेल तर सुरुवातीचा भाग तपासायचा. फ्लॅक फाइलची पहिली चार अक्षरं ठरलेली असतात, त्यानंतर ३४ बाइटांची मूळ माहिती येते, मग टॅग, मुखपृष्ठाचं चित्र, थोडी रिकामी जागा, आणि हे सगळं संपल्यावर संगीत सुरू होतं. काही टॅग लावणारे प्रोग्रॅम या चार अक्षरांच्याही आधी एमपी३ च्या पद्धतीचा आयडी३ टॅग चिकटवतात. संगणकावरचे प्लेअर तो ओलांडून पुढे जातात, पण नेटवर्क प्लेअर पहिली चार अक्षरं बघतो, ती जुळत नाहीत, आणि तो फॉरमॅट चालत नाही म्हणून मोकळा होतो. तुमच्या दोन अल्बमच्या बाबतीत माझी पैज यावर किंवा चित्रावर आहे.

चित्राचं असं: संगीताच्या आधी चित्र येतं, आणि कुणीतरी १२ मेगाबाइटचं पीएनजी प्रत्येक गाण्यात घातलेलं असतं. प्लेअरला पहिला सूर मिळण्याआधी ते सगळं ओलांडावं लागतं, आणि कमी मेमरीचा प्लेअर तिथेच हात टेकतो. ६०० ते १,००० पिक्सेलचं साधं जेपेग, काहीशे किलोबाइटच्या आत, एवढं बास. जेपेग 'प्रोग्रेसिव्ह' नको, 'बेसलाइन' हवं, नाहीतर काही प्लेअर चित्रच दाखवत नाहीत. एक बारीक गोष्ट: चित्र काढल्यावर फाइलचा आकार तेवढाच राहिला तर चकू नका. टॅग प्रोग्रॅम चित्राची जागा रिकामी म्हणून तशीच ठेवतो. ती रिकामी जागाही कापायला सांगा. पुढच्या टॅग-दुरुस्तीसाठी ८ किलोबाइट ठेवली तरी पुरे.

चित्र छोटं केल्यावर बाकीची रचना एका फटक्यात नीट करायची असेल तर फाइल पुन्हा फ्लॅकमध्ये एन्कोड करा. फ्लॅकवरून फ्लॅक केल्याने काही हरवत नाही, फाइल आतून नव्याने बांधली जाते. पातळी ५ ठेवा, तीच मूळची आहे. ८ ने फाइल थोडीशीच लहान होते, आणि उलगडताना प्लेअरला दोन्हींत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. एन्कोड करताना पडताळणीचा पर्याय चालू ठेवा. आधी मूळ फाइलची चाचणी करून घ्या: फ्लॅकच्या शीर्षात मूळ आवाजाची एमडी५ खूण साठवलेली असते, आणि फ्लॅक प्रोग्रॅमचा 'टेस्ट' पर्याय सगळी फाइल उलगडून ती खूण जुळवतो. जुळली तर आवाज अक्षरशः बिटाबिटाने मूळचाच आहे. जुळली नाही तर फाइल अर्धवट उतरलेली किंवा बिघडलेली आहे, आणि ती पुन्हा मिळवण्याला पर्याय नाही. दर वेळी त्याच जागी अडकणारी फाइल इथेच पकडली जाते.

आता डीएसएफची खरखर. पुढचं करण्याआधी ॲम्प्लिफायरचा आवाज अगदी खाली घ्या, हे कृपया गांभीर्याने घ्या, खरखर पूर्ण आवाजात आली तर ट्वीटरला इजा होऊ शकते. डीएसडी बाहेरच्या डॅककडे बरेचदा डीओपी पद्धतीने जातं, म्हणजे डीएसडीचे बिट २४ बिट पीसीएमच्या पाकिटात घालून. प्रत्येक नमुन्याचे वरचे ८ बिट खुणेसाठी राखलेले असतात आणि खालच्या १६ मध्ये डीएसडी असतं. डॅकने खूण ओळखली की तो पाकीट उघडतो. खूण ओळखली नाही की तो ते पीसीएम समजून वाजवतो, आणि तुम्हाला खरखर ऐकू येते.

खूण मोडते कशाने? प्लेअरमधल्या डिजिटल व्हॉल्यूमने, सर्वांत जास्त वेळा. व्हॉल्यूम ९५ वर असला तरी प्रत्येक आकड्याला गुणलं जातं आणि खुणेचे बिट बदलतात. म्हणून व्हॉल्यूम 'फिक्स्ड' करा, किंवा नेमका १०० वर ठेवा, आणि इक्वलायझर, रिप्लेगेन, क्रॉसफेड, रूम करेक्शन सगळं बंद करा. त्यानंतरही खरखर असेल तर डॅकला डीओपी येतं का ते त्याच्या पुस्तिकेत बघा. आणि जोडणी तपासा. डीएसडी६४ ला डीओपीसाठी १७६.४ किलोहर्ट्झची वाट लागते, डीएसडी१२८ ला ३५२.८ ची. बरेच ऑप्टिकल पोर्ट ९६ च्या वर भरवशाने जात नाहीत. यूएसबी जोडणी जुन्या क्लास १ ची असेल तर तीही २४/९६ ला थांबते, त्यावर जायला क्लास २ लागतो. यातलं काहीच जुळत नसेल तर प्लेअरला किंवा सर्व्हरला डीएसडीचं पीसीएम करून द्यायला सांगा, २४/८८.२ किंवा २४/१७६.४. कानाला त्यात उणं काही सापडेल असं मला वाटत नाही.

गायब होणाऱ्या सर्व्हरचं उत्तर छोटं आहे. यूपीएनपी (घरच्या नेटवर्कवर सर्व्हर, प्लेअर आणि ॲप यांना जोडणारी पद्धत) वापरणारी उपकरणं एकमेकांना २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट पत्त्यावर, १९०० पोर्टवर हाका मारून शोधतात. स्विच किंवा राउटरमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट कुणाला हवंय ते बघून तेवढ्यांनाच देणं) चालू असेल आणि नेटवर्कमध्ये त्याची विचारपूस करणारा क्वेरिअर कुणीच नसेल, तर साधारण चार-पाच मिनिटांनी स्विच त्या हाका पुढे द्यायच्या थांबवतो. स्नूपिंग बंद करा किंवा क्वेरिअर चालू करा. प्लेअर 'गेस्ट' वायफायवर नाही ना, आणि उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं आयसोलेशन चालू नाही ना, तेही बघा. एनएएस आणि प्लेअर दोघांना राउटरमधून आयपी पत्ता राखून द्या. आणि प्लेअर यूपीएनपीऐवजी फोल्डर शेअरवरून वाजवत असेल तर एक वेगळी अडचण असू शकते: जुने प्लेअर फक्त एसएमबी१ (फोल्डर शेअरची जुनी पद्धत) बोलतात, आणि ते आता सुरक्षेसाठी सगळीकडे मुळातच बंद असतं. ते चालू करू नका, एनएएसवर मीडिया सर्व्हर बसवा.

फोनबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. यूपीएनपीमध्ये फोन फक्त हुकूम देतो, संगीत एनएएसकडून थेट प्लेअरकडे जातं. त्यामुळे फोन मंद असल्याने गाणं अडखळणार नाही. पण एक गाणं संपून पुढचं सुरूच होत नसेल, तर फोन झोपला आणि पुढचा हुकूम गेलाच नाही असं समजा. त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा. प्लेअर ओपनहोम (यूपीएनपीचीच वाढीव पद्धत) पाळत असेल तर यादी प्लेअरमध्येच राहते आणि फोन बंद केला तरी चालतं. तुम्ही यूपीएनपीऐवजी एअरप्ले किंवा ब्लूटूथने पाठवत असाल तर मात्र १९२ प्लेअरपर्यंत पोचतच नाही, आणि गूगल कास्टची हद्द २४/९६ आहे.

राहता राहिला प्लेअर. फर्मवेअर अद्ययावत करा आणि पुस्तिकेतला तक्ता फॉरमॅटनुसार वाचा, एकच आकडा वाचून थांबू नका. फ्लॅक १९२ पर्यंत, अलॅक ९६ पर्यंत, असं वेगवेगळं लिहिलेलं असतं, आणि काही ठिकाणी वायफायवर ९६ च आणि केबलवर १९२ अशी बारीक अक्षरातली टीपही असते. हद्द खरंच ९६ असेल तर प्लेअर बदलायची घाई नको. १९२ ची ९६ किंवा १७६.४ ची ८८.२ अशी नेमकी निम्मी प्रत सॉक्स या प्रोग्रॅमने बनवा, २४ बिट तसेच ठेवा, आणि मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपा. ९६ मध्ये ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. सलग वाजणारी ९६ ची प्रत दर मिनिटाला तुटणाऱ्या १९२ पेक्षा केव्हाही ऐकण्यासारखी.

एवढं करूनही १९२ अडलंच, तर पुढच्या वेळी एवढं लिहून द्या: अडलेल्या एका फाइलची बिट डेप्थ, सॅम्पल रेट आणि चॅनल, त्या वेळी प्लेअरच्या पडद्यावर दिसलेला आकडा, तीन वेळच्या अडखळण्याच्या जागा, पेनड्राइव्हवर आणि केबलवर काय झालं, आणि गाणं चालू असतानाच्या पिंगमधला सर्वांत मोठा आकडा.